दिव्यांगांचा नाटक-गाण्याचा वर्ग चालवताय? मग आधी बाथरूम, बंद दारं आणि तक्रारीचा रस्ता बघा

गणपतीच्या दीड-दोन महिने आधी आपल्या इंदूरात रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत तालमी सुरू होतात, आणि त्यात एखादं मंडळ ठरवतं की यंदा दिव्यांग मुलामुलींचं पण काहीतरी बसवू. छान आहे. हॉल मिळतो, तबलेवाला मिळतो, पोहे-जिलेबीचा खर्च उचलणारे काकाही मिळतात. पण मीटिंगमध्ये कोणी म्हटलं की "इथे कोणाला त्रास झाला तर काय करायचं ते ठरवूया" की सगळे असे बघतात जसं काय आपण कोणावर आरोपच केला. "अहो सगळी आपलीच माणसं आहेत, सेवा करतायत बिचारी." इथेच गडबड आहे. जिथे सगळं सेवा म्हणून चालतं तिथे येणारा माणूस आणि त्याचे घरचे उपकाराच्या ओझ्याखाली असतात, इथून काढलं तर दुसरीकडे कोण घेणार म्हणून खूप काही गिळतात. म्हणून माणसं चांगली का वाईट या भानगडीत पडायचंच नाही, वर्गच असा लावायचा की कोणाच्या चांगुलपणावर काही अवलंबून राहू नये. कसा, ते खाली लिहितेय, माझ्या मते महत्त्वाचं आहे ते आधी.

सुरुवात बाथरूमपासून, हसू नका. बऱ्याच हॉलमध्ये बाथरूम जिन्याखाली, दार अरुंद, पॉट इंडियन, मग व्हीलचेअरवाली मुलगी काय करते, तर सकाळपासून पाणीच पीत नाही. तालीम चार तासांची, वर मे महिना असेल तर इंदूरचं ऊन चाळीसच्या वर, आणि सगळे म्हणतात वा काय चिकाटी आहे! चिकाटी नाही हो ती, तिला लघवीला जाता येत नाहीये. त्यातून इन्फेक्शन होतं, चक्कर येते. याला दुर्लक्ष म्हणतात, कोणी हात उगारला नाही तरी. त्यामुळे हॉल बुक करण्याआधी कोणीतरी खरंच व्हीलचेअर घेऊन तिथे जा आणि दार मोजा. बाथरूमला मदत लागणार असेल तर ती कोणी करायची हे त्या व्यक्तीलाच विचारा, बाई हवी का पुरुष, घरचं कोणी का बाहेरचं, आणि ते नाव फॉर्मवर लिहा. ऐनवेळी "अरे जा रे जरा घेऊन" असं जो समोर दिसेल त्याला सांगायचं नाही. सगळ्यात जास्त धोका या पाच मिनिटांतच असतो.

पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांचं वेगळं. इजा वरच्या भागात असेल तर घाम नीट येत नाही आणि अंग तापत जातं, त्यामुळे त्यांना सावली, पंखा, ओला रुमाल लागतोच. एकाच जागी तासन् तास बसवलं की पाठीवर-कुल्ल्यावर जखमा होतात ज्या भरायला महिने लागतात, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं उचलून, कलून बसायला वेळ द्यायचा, सीन चालू असला तरी. फिट येणाऱ्यांची गोळी ठरल्या वेळेला गेलीच पाहिजे, "हे गाणं होऊ दे मग घे" चालणार नाही, आणि स्टेजवर उघडझाप करणारे लाइट लावायचे असतील तर आधी विचारा, काहींना त्यानेच फिट येते. आणि पोहे. आपले पोहे, त्यावर सुकी शेव, गिळायला त्रास असलेल्या सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी असतो तो) मुलाला घाईघाईत भरवले की ठसका लागून जीवावर बेतू शकतं. घरच्यांना विचारा काय चालतं, ताठ बसवूनच भरवा, आणि भरवताना फोन बाजूला ठेवा.

आता हात लावण्याबद्दल. नाटक, डान्स, तबला, यात हात लागतोच, कोणी नाही म्हणत नाही. पण "मी गुरुजी आहे, पोझ सुधारतोय" हे कारण इतकं सोपं पडतं ना, की त्याला नियम हवाच. नियम साधा ठेवा, आधी तोंडाने सांगायचं, मग स्वतःच्या अंगावर करून दाखवायचं, आणि तरीही हात लावावा लागला तर दर वेळी विचारायचं, काल हो म्हटलं होतं म्हणून आज धरायचं नाही. जो दृष्टिहीन आहे त्याला मागून खांद्याला धरून ढकलायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, तो धरेल. आणि कोणाची व्हीलचेअर, काठी, कानाचं मशीन हे त्याच्या शरीराचाच भाग समजा. गडबड करतो म्हणून ब्रेक लावून कोपऱ्यात उभं करणं किंवा मशीन काढून घेणं हे लोक शिस्त म्हणून करतात, पण दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ च्या कलम ९२ मध्ये मुद्दाम आधार-साधन खराब करणं किंवा ते वापरू न देणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात चारचौघांत मुद्दाम अपमान करणं, बेइज्जत करायला मारणं, आणि आपल्या ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून जेवण-पाणी न देणं हे पण आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि वर दंड. हा कागद प्रिंट करून नोटीस बोर्डावर लावा, टीचर लोकांना वाचू दे.

एकटं कोणी कोणाबरोबर नाही. ग्रीनरूम, मेकअप, कपडे बदलणं, स्टोअर रूम, सगळीकडे दोन मोठी माणसं किंवा मग दार उघडं. कपडे बदलताना पडदा हवाच, दिव्यांग आहे म्हणून लाज नसते असं काही नाहीये. घरी सोडण्याचं आधी ठरवा. "दादा स्कूटरवर सोडतील" हे आपल्याकडे इतकं सहज होतं की कोणाला वावगं वाटतच नाही. ऑटोवाला किंवा व्हॅनवाला लावला असेल तर तो पण टीमचाच माणूस, त्याचं पण पोलीस व्हेरिफिकेशन करा, नवा व्हॉलंटियर आधी जिथे काम करायचा तिथे फोन लावून विचारा की पुन्हा घ्याल का याला, आणि समोरचा अडखळला तर समजून जा. नात्यातला आहे, अध्यक्षांचा भाचा आहे, यात सूट नाही. एखादा व्हॉलंटियर एकाच मुलीला सारखी गिफ्ट देतो, रात्री व्हॉट्सॲपवर वेगळं बोलतो, "हे आपल्या दोघांतच" म्हणतो, तर तिथेच थांबवायचं, पुराव्याची वाट बघत बसायचं नाही.

हे झालं आपल्या बाजूचं. समोरच्याला "नाही" म्हणता आलं पाहिजे ही दुसरी आणि मला विचाराल तर जास्त कामाची गोष्ट. या लोकांना लहानपणापासून फिजिओपासून शेजारच्या मावशीपर्यंत सगळ्यांनी न विचारता उचललंय, वळवलंय, भरवलंय. ऐकणं म्हणजेच चांगलं वागणं हे अंगात मुरलेलं असतं. नाटकाच्या वर्गात हे सुधारणं सोपं आहे कारण तुमच्याकडे खेळ आहेत. रोज दहा मिनिटं नकाराचा खेळ घ्या, टीचर मुद्दाम चुकीचं सांगणार आणि सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने थांबवायचं, कोणी ओरडून, कोणी लाल कार्ड दाखवून, कोणी डोळे घट्ट मिटून. आणि खेळात जो थांबवतो त्याचं खऱ्या तालमीत पण ऐकायचं, नाहीतर काय उपयोग. जे बोलत नाहीत त्यांच्या चित्रांच्या बोर्डवर पाणी, भूक, आई एवढंच असतं, त्यात शरीराच्या सगळ्या भागांची चित्रं टाका, हो सगळ्या, आणि "दुखतंय", "नको", "याने हात लावला", "घाबरलोय" हे पण. आई-बाबा आधी बिचकतात, त्यांना समजावून सांगा की चित्रच नसेल तर मुलगा सांगणार कसा. आणि पस्तीस वर्षांच्या बाईला "सोनू-मोनू" करणं बंद करा, अहो-जाहो करा किंवा तिला विचारा काय म्हणू.

काही बिनसलंय हे ओळखायचं कसं? एरवी नाचणारा मुलगा हॉलच्या दाराशीच अडून बसतो, एकच माणूस आला की अंग चोरतो, अंथरूण ओलं करायला लागतो, स्वतःला चावतो, आणि लोक काय म्हणतात, "त्याचं असंच आहे, ऑटिझम आहे ना." असं म्हणून विषय संपवायचा नाही. काल नव्हतं आणि आज आहे तर कारण शोधायचं. कधी कधी कारण घरात पण असतं, वर्गात कळतं एवढंच.

फोटो आणि पैशाबद्दल थोडक्यात. फोटोला व्यक्तीची स्वतःची परवानगी, फक्त आईची सही नाही, आणि कॅप्शनमध्ये "बिचारे" नको. दिवाळीला त्यांनी रंगवलेल्या पणत्या, ग्रीटिंग विकले तर हिशोब दाखवा आणि वाटा त्यांच्या खात्यात टाका, "सामानात गेले" हे दर वर्षी कसं काय होतं.

आता तक्रार. दोन नावं ठरवा, एक मंडळातलं आणि एक पूर्ण बाहेरचं, दोघांचे नंबर मोठ्या अक्षरात, सोबत फोटो, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही ते बोट दाखवू शकतील. कोणी काही सांगितलं तर शांत ऐका, त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख-वेळ टाका. पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, आणि समोरासमोर बसवून "मिटवून टाकू" तर अजिबात नाही. मंडळाची चौकशी समिती वगैरे नंतर. लैंगिक प्रकार असेल तर कपडे धुवायचे नाहीत आणि आधी डॉक्टर.

वय अठराच्या खाली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो आणि मग पोलिसांना कळवणं तुमच्या मर्जीवर नाही, कळूनही न कळवणारा स्वतः गुन्हेगार ठरतो, संस्थेच्या प्रमुखाला तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. इथे वय म्हणजे जन्मतारखेचं, बुद्धीचं वय धरता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे तीस वर्षांच्या बौद्धिक दिव्यांग बाईला पॉक्सो नाही, पण बाकीचे कायदे आहेतच. हेल्पलाइन मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. पीडित दिव्यांग असेल तर लैंगिक गुन्ह्यात पोलिसांनी घरी किंवा तिला सोयीच्या जागी येऊन, इंटरप्रिटर म्हणजे दुभाषा किंवा स्पेशल एज्युकेटरसमोर जबाब घ्यायचा असतो आणि त्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं, हे ठाण्यात ठामपणे सांगा. इंटरप्रिटर घरचा नको, वर्गातला तर नकोच, ज्याच्यावर आरोप आहे त्याचाच दोस्त निघायचा. कर्णबधिरांसाठी इंदूरात तुकोगंज ठाण्यात साइन लँग्वेजचं मदत केंद्र आहे, त्याची माहिती वर्ग सुरू होण्याआधीच काढून ठेवा.

अजून एक रस्ता लोकांना माहीतच नसतो. २०१६ च्याच कायद्याचं कलम ७, त्यात छळ झालाय, होतोय किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं तरी कोणीही एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेटला, म्हणजे आपल्याकडे एसडीएमला, कळवू शकतो आणि ते थांबवायचे, सुरक्षा द्यायचे आदेश काढू शकतात. घरच्याच माणसाकडून त्रास असेल तेव्हा याचा जास्त उपयोग. लेखी अर्ज द्या आणि पावती घ्या, दाद लागली नाही तर कलेक्टर ऑफिसात मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायची बैठक, असते तिथे न्या. वकील फुकट मिळतो, दिव्यांग व्यक्तीला तो हक्कच आहे, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० लावा.

तक्रार झाल्यावर मंडळं एक गोष्ट हमखास करतात, तक्रार करणाऱ्या मुलीलाच "तू थोडे दिवस घरी राहा, वातावरण निवळू दे" म्हणतात. उलटं करायचं. ज्याच्यावर आरोप आहे त्याने चौकशी होईपर्यंत यायचं नाही, मग तो कितीही मोठा कलाकार असो आणि कार्यक्रम चार दिवसांवर असो. मुलीचा रोल मुलीकडेच, तिला यायचं असेल तर. आणि टीचर गेला म्हणून डान्स बसत नसेल तर त्या दिवशी सरळ सगळ्यांकडून एक आरती म्हणून घ्या, प्रेक्षक काही पळून जात नाहीत.