जुन्या गाडीचा एसी: मॅन्युअल असो की ऑटोमॅटिक, या चुका टाळा

बंपर रंगवून गाडी घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन पुण्याहून सोलापूरला निघालो. मे महिना. इंदापूर मागे पडलं आणि एसीची हवा आधी कोमट, मग सरळ गरम यायला लागली. पंखा नीट फिरत होता, पॅनेलवर २४ चा आकडा होता, एसीचा दिवाही लागलेला होता. उरलेला रस्ता खिडक्या उघड्या टाकून आणि आईच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवून काढला.

सोलापुरात पहिल्या गॅरेजने गॅस भरला. काही फरक पडला नाही. दुसऱ्याने कॉम्प्रेसरच्या, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, क्लचला बॅटरीवरून डायरेक्ट करंट दिला, तशी हवा गार झाली. "वायरिंगमध्ये लोच्या आहे, वेगळा स्विच टाकून डायरेक्ट करून देतो," तो म्हणाला. आईमुळे मी जवळजवळ हो म्हणणार होतो. तिसरे गृहस्थ वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आत बसले, पॅनेल पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, बाहेरचं तापमान उणे ३० दाखवतंय. बंपर कधी काढला होता?"

मग ते खाली वाकले आणि पुढच्या जाळीमागे हात घालून त्यांनी दोन वायरींचं एक कपलर (वायर जोडायचा प्लग) बाहेर ओढलं. बाहेरचं तापमान मोजणारा शेंगदाण्याएवढा सेन्सर जागेवर होता, पण अर्धवट बसवलेलं कपलर रस्त्यात सुटून लोंबकळत होतं. टक्क असा आवाज करून ते बसलं आणि थोड्याच वेळात कॉम्प्रेसर चालू झाला.

कारण साधं आहे. या सेन्सरचा विजेला होणारा रोध थंडीत वाढतो आणि उष्णतेत कमी होतो. वायर सुटली की रोध अमर्याद होतो, म्हणजे एसीच्या कंट्रोलरला वाटतं की बाहेर कडाक्याची थंडी पडली आहे. एवढ्या थंडीत कॉम्प्रेसर चालवला तर तो खराब होईल म्हणून तो चालू करायचाच नाही, असं त्याला शिकवलेलं असतं. म्हणजे यंत्रणा बिघडलेली नव्हती. तिला मिळालेली माहिती चुकीची होती आणि त्या माहितीवर ती बरोबर वागत होती.

जुन्या गाड्यांच्या एसीत बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. गारवा तयार करणारी यंत्रणा मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक या दोन्ही प्रकारांत एकच असते: कॉम्प्रेसर, रेडिएटरपुढचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), डॅशबोर्डमागची कूलिंग कॉईल (हवा गार करणारी) आणि गॅस. फरक आहे तो निर्णय कोण घेतं याचा. मॅन्युअलमध्ये गरम होतंय की गार, हे तुमची कातडी ठरवते आणि तुमचा हात नॉब फिरवतो. नॉबमागची केबल एक फडकी, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, हलवते आणि गार हवेत हीटरची गरम हवा किती मिसळायची ते ठरतं. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम बाहेरचा, केबिनमधला, उन्हाचा आणि कॉईलचा असे सेन्सर आणि दोन-तीन छोट्या मोटरी करतात. २००५ साली आलेल्या स्विफ्टच्या झेडएक्सआय मॉडेलसारख्या आपल्याकडच्या छोट्या गाड्यांतही ही सोय आली, आणि त्या काळातल्या गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. मॅन्युअलच्या सवयीने ऑटोमॅटिक वापरणं आणि मॅन्युअलच्या पद्धतीने त्याचा दोष शोधणं, या दोन्हींचा भुर्दंड आपल्यालाच बसतो.

चूक पहिली: "एसी गार नाही, म्हणजे गॅस संपला"

गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी होजमधून आणि सीलमधून काही वर्षांत थोडा कमी होतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्याआधी हवेत जाणार. गळती असेल तिथे बहुतेक वेळा गॅसबरोबर ऑईल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा, चिकट डाग पडतो. कंडेन्सरचे सांधे, कॉम्प्रेसरच्या पुलीची मागची बाजू आणि गॅस भरायचे सर्व्हिस व्हॉल्व्ह टॉर्च घेऊन आधी तपासा.

दुसरी गोष्ट वजनाची. बॉनेटखाली एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. छोट्या गाडीत आर-१३४ए गॅस साधारण ३५० ते ५०० ग्रॅम लागतो. इतक्या कमी मापात पन्नास-शंभर ग्रॅमची चूकही जाणवते. जास्त गॅस भरला तर गारवा वाढत नाही, कमी होतो, आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. म्हणून जुना गॅस काढून, किमान वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम करून (नळ्यांतली हवा ओढून घेऊन), वजनावर भरणाऱ्या माणसाकडेच जा. "अंदाजाने मारतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

आणि तो डायरेक्ट स्विच कधीही लावू नका. गॅसचा दाब फार वाढला किंवा फार घसरला, तर कॉम्प्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच त्या सर्किटमध्ये असतो. कूलिंग कॉईल बर्फ धरण्याआधी, म्हणजे शून्याच्या थोडं वर असतानाच कॉम्प्रेसर थांबवणारा सेन्सरही असतो. डायरेक्ट करंट दिला की ही सगळी राखण निघून जाते. कॉईलवर बर्फ साचतो, हवा येईनाशी होते, आणि गॅस कमी असेल तर ऑईल न फिरल्याने कॉम्प्रेसर जळतो.

चूक दुसरी: लवकर गार व्हावं म्हणून १८ वर ठेवणं

मॅन्युअलमध्ये नॉब पूर्ण निळ्याकडे नेणं बरोबर आहे. उन्हाळ्यात तो तिथेच ठेवा आणि गार वाटलं तर पंखा कमी करा. बरेच जण पंखा चारवर ठेवून नॉब मधे आणतात. म्हणजे इंधन जाळून गार केलेली हवा हीटरने पुन्हा गरम करायची. हे निव्वळ नुकसान आहे.

ऑटोमॅटिकमध्ये मात्र उलट. उन्हात तापलेल्या गाडीत २४ लावा की १८, सुरुवातीला दोन्ही वेळा यंत्रणा पूर्ण गारवा आणि पूर्ण पंखाच देते. १८ लावल्याने हवा जास्त गार होत नाही, फक्त ती थांबत नाही. मग दहा मिनिटांनी थंडी वाजते, आपण २७ करतो, परत गरम होतं, परत १९. सर्वांत खालच्या "लो" वर तर बहुतेक गाड्या सेन्सरचं ऐकणंच सोडून देतात. २४ किंवा २५ वर ठेवा, ऑटोचं बटण दाबा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. त्यानंतरही जमत नसेल तर दोष शोधायचा.

चूक तिसरी: डॅशबोर्डवर काय ठेवलंय याकडे दुर्लक्ष

आपल्या गाड्यांत डॅशबोर्डवर गणपती असतोच आणि असायलाच हवा. पण ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत पुढच्या काचेजवळ वाटाण्याएवढा काळा, गुळगुळीत घुमट दिसतो का बघा. तो उन्हाचा सेन्सर. एका स्नेह्यांच्या गाडीत मूर्ती नेमकी त्याच्यावर चिकटवलेली होती आणि बाकी डॅशबोर्डवर मखमली मॅट. अंगावर ऊन पडत असताना गाडीला मात्र सावली दिसत होती, त्यामुळे पंखा वाढतच नव्हता. मूर्ती वीतभर डावीकडे सरकवली, मॅटला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलं, तक्रार संपली. काही गाड्यांत तशीच दिसणारी गोळी फक्त हेडलाइट किंवा चोरीच्या अलार्मसाठी असते, तेव्हा गाडीच्या माहितीपुस्तिकेत एकदा पाहून घ्या.

दुसरा सेन्सर स्टिअरिंगच्या आसपास एका छोट्या जाळीमागे असतो आणि केबिनमधलं तापमान मोजतो. त्या जाळीतून केबिनची हवा सतत थोडी आत ओढली जावी लागते. उदबत्तीचा धूर, धूळ, पॉलिशचा चिकटपणा यांनी ती बुजते. मग सेन्सरला केबिनचं नाही तर डॅशबोर्डच्या आतलं तापमान कळतं, आणि एसी कधी खूप गार, कधी कोमट असा हेलकावे खातो. तपासायला पैसे लागत नाहीत. एसी चालू करून टिश्यू पेपरचा नखाएवढा तुकडा जाळीजवळ धरा. तो हलकेच चिकटला तर ठीक. खाली पडला तर आतला छोटा पंखा किंवा नळी तपासायला हवी. जाळी मऊ ब्रशने साफ करा. तिथे गॅरेजमधल्या एअर कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत मारू नका, सेन्सर नाजूक असतो.

चूक चौथी: मोटर आणि रेझिस्टरची गल्लत

मॅन्युअल गाडीत पंखा एक-दोन-तीनवर चालत नाही आणि चारवर जोरात चालतो, ही तक्रार सर्रास येते. पंख्याची मोटर गेली असं सांगून ती बदलली जाते. मोटर गेली असती तर ती चारवरही चालली नसती. जळतो तो पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर, कारण चौथ्या वेगाला करंट त्याला वगळून थेट जातो. पण रेझिस्टर बदलून थांबू नका. तो पंख्याच्या हवेतच थंड राहावा म्हणून त्या वाटेत बसवलेला असतो. केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) चोंदला की हवा कमी आणि तो तापतो, किंवा जुनी मोटर जड फिरून जास्त करंट ओढते. ऑटोमॅटिकमध्ये या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. त्यात दोष आला की पंखा मधेच बंद पडतो, मनाने वेग बदलतो, कधी गाडी बंद केल्यावरही फिरत राहतो.

फिल्टरवरून आठवलं. जुन्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये अनेकदा फिल्टरची खाच असते, फिल्टर नसतो. ग्लोव्ह बॉक्स उतरवून एकदा बघाच. फिल्टरशिवाय वर्षानुवर्षं धूळ ओल्या कॉईलवर बसते, तिचा चिखल होतो आणि एसी लावल्याबरोबर ओल्या कपड्यांसारखा वास येतो. मुक्कामाला पोचण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कॉईल वाळते.

पावसाळ्यातली चूक जिवावर बेतते

ताम्हिणीत किंवा आंबोलीत पावसात गाडी शिरली की आतून काचेवर वाफ धरते. तेव्हा "पाऊस आहे, एसी कशाला" म्हणून तो बंद करणं आणि फडक्याने काच पुसत गाडी चालवणं, ही चूक मी सर्वांत गंभीर मानतो. एसी हवा गार करतो तसाच कोरडीही करतो, आणि तेव्हा आपल्याला कोरडी हवाच हवी असते. मॅन्युअलमध्ये एसी चालू, हवेचा झोत पुढच्या काचेवर, नॉब थोडा गरमकडे आणि बाहेरची हवा आत येऊ द्यायची. इथे गार हवा गरम करणं वाया जात नाही. ऑटोमॅटिकमध्ये पुढच्या काचेचं बटण दाबलं की बहुतेक गाड्या हे सगळं स्वतः करतात. वाफ बाहेरून धरली असेल तर वायपर मारा आणि झोत काचेवरून काढा, कारण तिथे काच जास्त गार झालेली असते.

हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण मात्र पावसात बंद हवं. उन्हाळ्यात ते लावायचं, पण आधी खिडक्या उघडून तापलेली हवा बाहेर जाऊ द्यायची. चार माणसं असलेल्या लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर चालकाला झापड येते.

गॅरेजला जाण्याआधी

गाडी धावताना गार आणि सिग्नलला गरम होत असेल तर रेडिएटरपुढचा पंखा फिरतोय का ते पाहा. कंडेन्सर साध्या नळाच्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशरने त्याच्या पातळ पत्र्या दुमडतात. डावीकडच्या पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी चोंदलेली असू शकते.

गॅस ठीक, कॉम्प्रेसर चालू, तरी हवा अर्धवटच गार, असं असेल तर हीटरकडे जाणारा होज इंजिन थंड असताना क्लॅम्पने दाबून बंद करा आणि गाडी चालू करून पाहा. हवा एकदम गार झाली तर गरम हवेची फडकी पूर्ण मिटत नाहीये. मॅन्युअलमध्ये केबल सैल झालेली असते आणि ती ताणता येते. ऑटोमॅटिकमध्ये अनेकदा फडकीच्या मोटरचा प्लॅस्टिकचा दात तुटलेला असतो आणि गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डमागून काही सेकंद टक-टक-टक आवाज येतो. बॅटरी काढून बसवल्यावर या मोटरी आपली जागा नव्याने शोधतात, तेव्हा मिनिटभर बटणं दाबू नका.

ऑटोमॅटिक पॅनेल बिघडलं की "काढून मॅन्युअल टाकू" असा सल्ला मिळतो. ऐकू नका. एकात केबल असतात, दुसऱ्यात मोटरी, आणि आतला अख्खा हीटर बॉक्स बदलण्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो एकदा उतरला की पुन्हा पूर्वीसारखा क्वचितच बसतो, खडखड कायमची. तेच पॅनेल कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात मिळू शकतं. जाताना आपलं पॅनेल बरोबर न्या, मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर आकड्याला आकडा लावून जुळवा, आणि कपलरच्या पिना मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.