जुन्या काँक्रीट फरशीत फ्लोअर हीटिंग: या चुका टाळा

फरशी कोमट लागते, पण खोली काही तापत नाही. अशी तक्रार आली की आधी पंपावर आणि थर्मोस्टॅटवर संशय घेतला जातो. दोष बहुतेक वेळा फरशीतल्या गरम पाण्याच्या पाइपच्या खाली असतो.

इन्सुलेशनला फाटा देणे. उंची वाचवायची म्हणून पाइप थेट जुन्या स्लॅबवर अंथरतात आणि वर कोबा ओततात. मग निम्मं काम खालची जमीन किंवा खालच्या मजल्याचं छत तापवण्यात जातं. ३० मिमी जाडीची एक्सपीएस (कडक फोमची) शीट जेवढी उष्णता अडवते, तेवढी अडवायला मीटरभर जाडीचं काँक्रीट लागेल. म्हणून उंची कमीच करायची असेल तर ती कोब्यात करा: खाचा असलेले इन्सुलेशन बोर्ड आणि वर आपोआप समतल पसरणाऱ्या सेल्फ-लेव्हलिंग मिश्रणाचा पातळ थर. भिंतीलगत ८ ते १० मिमीची फोमपट्टी हवीच. ती नसेल तर फुगणारा कोबा भिंतीला रेटतो आणि तडकतो.

स्लॅबमध्येच खाचा मारून पाइप बसवण्याचा मार्ग स्वस्त दिसतो. पण आधी स्कॅनिंग करून सळया, वायरिंग आणि जुने पाइप कुठून गेलेत ते पाहा. पोस्ट-टेन्शन स्लॅब (आत पोलादी केबल ताणून बसवलेला) असेल तर हा विचार सोडाच. ताणलेली केबल कापली जाणं जीवघेणं ठरू शकतं. जुन्या विनाइल टाइल्स किंवा त्यांखालचा काळा गोंद असेल, तर घासण्याआधी त्यात ॲस्बेस्टॉस आहे का ते तपासून घ्या.

वजन न मोजणे. ५० मिमी कोबा म्हणजे चौरस मीटरला शंभर किलोच्या वर. २० चौरस मीटरच्या खोलीत हे दोन टनांपलीकडे जातं. वरच्या मजल्यावर काम असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दारांची उंची आणि जिन्याची शेवटची पायरी यांचाही हिशेब आत्ताच करा.

एकच लांबलचक लूप, म्हणजे पाइपचा सलग वेढा. १६ मिमीचा पाइप १५० मिमी अंतराने टाकला तर चौरस मीटरला साधारण पावणेसात मीटर लागतो. २० चौरस मीटरला झाले १३५ मीटर. मॅनिफोल्डपर्यंतची (जिथून पाणी सगळ्या लूपमध्ये वाटलं जातं) ये-जा धरून एक लूप १०० मीटरच्या आत ठेवायचा, म्हणजे इथे दोन लूप, शक्यतो सारख्या लांबीचे. पाइप ऑक्सिजन बॅरिअरवालाच (हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरू न देणारा थर असलेला) घ्या, नाहीतर सिस्टिममधले लोखंडी भाग आतून गंजतात. कोब्याखाली जोड नको. ओतकाम होईपर्यंत पाइपात ६ बार दाब ठेवा; कुणाच्या फावड्याने पाइप फुटला तर गेजचा काटा तिथल्या तिथे पडतो.

हीटिंग लावून कोबा वाळवणे. सिमेंटच्या कोब्याला २१ दिवस द्या. मग तीन दिवस २५ अंशांचं पाणी आणि त्यानंतर हळूहळू वाढ. बॉयलरचं ६५ अंशांचं पाणी थेट फरशीत सोडू नका, त्यात गार पाणी मिसळून तापमान उतरवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा. राहत्या जागेत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांपुढे जाऊ नये, लाकडी फरशी असेल तर २७.

पाण्याच्या पाइपऐवजी इलेक्ट्रिक मॅट (जाळीवर बसवलेली तापणारी केबल) असेल तर केबलचा रोध तीनदा मोजा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि लादी बसल्यावर. वळवताना फक्त जाळी कापा, केबल कधीच नाही. गुंडाळलेली मॅट 'चालते का बघू' म्हणून चालू केली तर ती तिथेच जळते. फरशीचं तापमान मोजणारा सेन्सर कंड्युटमध्ये (पोकळ नळीत) घाला. तो बिघडला तर ओढून बदलता येतो.

चालू झाल्यावर बिघाड. एकच लूप गार असेल तर बहुधा हवा अडकलीय. बाकीचे लूप बंद करा आणि बादलीत सोडलेल्या नळीतून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी फिरवा. फ्लोमीटर (पाण्याचा प्रवाह दाखवणारा काटा) तरीही हलत नसेल तर ॲक्च्युएटर, म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारी टोपी, काढून व्हॉल्व्हची पिन बोटाने दाबून पाहा. उन्हाळाभर बंद राहिल्यावर ती अडकते. सगळे लूप गरम आणि खोली मात्र गार असेल तर जाड गालिचा उचलून बघा. आणि जाड कोब्याला तापायला काही तास लागतात. रोज रात्री पूर्ण बंद करून सकाळी ऊब मागितली तर ती दुपारी मिळते.