शोकातली रॉक धून बांधताना

जवळचे माणूस गेल्यावर लगेच पूर्ण रचना बांधायला बसू नये. पहिले काही दिवस रोज दहा मिनिटे सुचेल ते वाजवून फोनवर मुद्रित करावे. पुढे ए मायनर, जी, एफ आणि ई मेजर हे उतरते कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वरसमूह) संथ लयीत, ऑर्गनच्या आवाजात धरावेत, कारण ऑर्गनचा सूर पियानोसारखा हळूहळू विरत नाही, बोट उचलताच तुटतो, आणि येथे ते तुटणेच हवे असते. ई मेजरमधला जी शार्प हा स्वर ए या स्वराकडे ओढ घेतो. तेथेच थांबून चार मात्रा रिकाम्या सोडाव्यात. वडील गेले तेव्हा नौपाड्यातल्या घरी मी याच जागी अडलो होतो, आणि खालच्या रिक्षाचा हॉर्न त्या मुद्रणात आजही आहे. तो मी काढलेला नाही. ड्रम्स दुसऱ्या आवर्तनानंतरच आणावेत, गिटार त्याहून उशिरा.