खान्देशातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी संघटना कशी उभी करावी

माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या अग्निशमन दलात झाली, म्हणून तरुण अधिकाऱ्यांना हे आग्रहाने सांगतो.

आधी कागद. संस्था नोंदणी अधिनियम 1860 प्रमाणे किमान सात सभासद लागतात. घटना-नियमावली लिहून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्या. मुख्याधिकाऱ्यांची लेखी परवानगी मात्र आधीच घ्या.

खरं काम पुढे आहे. दिवाळीनंतर जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणं, सुरू होतं आणि कापसाला आग लागली की एका गावाचा बंब पुरत नाही. कापसाची गाठ वरून विझलेली दिसते, आत धुमसतच असते. ती फोडून, पसरून भिजवावी लागते. त्याला माणसं, जेसीबी आणि रात्रभर पाणी लागतं. म्हणून अमळनेर, चोपडा, पारोळा, धरणगाव, शिरपूर, शहादा यांच्यात लेखी करार करा: कुणी कुणाला फोन करायचा, डिझेल कोण भरणार, घटनास्थळी हुकूम कुणाचा. हुकूम त्याच गावच्या अधिकाऱ्याचा असावा, असं माझं ठाम मत आहे. विहिरी आणि बोळ त्यालाच ठाऊक असतात.

सगळ्यांचे होज-कपलिंग, म्हणजे पाण्याच्या पाइपांचे जोड, एकमेकांना बसतात का, हे प्रत्यक्ष जोडून पाहा. पाणी भरण्याच्या जागांची यादी दर उन्हाळ्याआधी नव्याने करा.

वार्षिक बैठक 14 एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी ठेवा. 1944 साली त्या दिवशी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आपले कितीतरी जवान गेले. त्या जहाजावर स्फोटकांसोबत कापसाच्या गाठीही होत्या, हे नव्या जवानांना जरूर सांगा.