सॅम्पल कापून डाउनटेम्पो ट्रॅक बनवायचाय? आधी ७१४ मिलीसेकंदांचं बघा

एक हिशेब आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती बीट, म्हणजे ठोके, पडतात त्या आकड्याने) भागलं की एका बीटपासून पुढच्या बीटपर्यंत किती मिलीसेकंद जातात ते कळतं. ८४ बीपीएमला हे येतं साधारण ७१४, आणि १२८ च्या हाऊस ट्रॅकला ४६९. म्हणजे स्लो ट्रॅकमध्ये दोन ठोक्यांच्या मध्ये बरीच रिकामी जागा असते आणि त्या जागेत सगळं उघडं पडतं, सॅम्पल (रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा) कुठे कापलाय, लूपचा (परत परत फिरणाऱ्या तुकड्याचा) सांधा कुठे आहे, रिव्हर्बने (घुमण्याच्या इफेक्टने) किती चिखल केलाय, सगळंच. फास्ट ट्रॅकमध्ये पुढचा ठोका येऊन झाकून टाकतो, इथे कोणी येत नाही वाचवायला. त्यामुळे डाउनटेम्पो सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एक बनवून बघावा.

डाउनटेम्पो म्हणजे ढोबळ मानाने ७० ते १०० बीपीएम. ट्रिप-हॉप, चिलआउट, लो-फाय असली सगळी नावं याच पट्ट्यात फिरतात, नावावरून भांडण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअरबद्दलही जास्त बोलणार नाही, एबलटन, एफएल स्टुडिओ, रीपर, गॅरेजबँड, फोनवरचं कोआला, जे हातात आहे त्यात होतं, फक्त ऑडिओ कापता आला पाहिजे आणि पिच (सुराची उंची) खाली करता आला पाहिजे.

आता सॅम्पल निवडणं. अर्धा ट्रॅक इथेच होतो, त्यामुळे घाई करू नका. नवीन लोक हमखास एखाद्या गाण्यातला सगळ्यात भारी, सगळ्यात भरलेला भाग उचलतात आणि मग त्यावर स्वतःचं काही बसतच नाही, कारण त्यात आधीच ड्रम आहे, बास आहे, गायक आहे. उलटं करा. जिथे एक-दोनच वाद्यं वाजतायत, सुरुवातीचा एकट्या पियानोचा भाग, शेवटी विरत जाणारी स्ट्रिंग्ज, दोन ओळींच्या मधली फुंकर, असे तुकडे शोधा. माझी चाचणी अशी की तुकडा दहा-पंधरा वेळा लूपवर टाकून उठून दुसरं काहीतरी काम करायला लागायचं, कंटाळा आला तर सॅम्पल बाद, आणि गुणगुणायला लागलो तर ठेवायचा.

आणि सॅम्पल दुसऱ्याच्याच रेकॉर्डमधून आला पाहिजे असं कुठे लिहिलंय? दाराची कडी, पाऊस, किल्ल्यांचा जुडगा, फोनवर रेकॉर्ड केलेला मित्राचा गिटार, यातून फार चांगलं मटेरियल निघतं. ब्रिस्टलच्या पोर्टिसहेडने १९९४ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमसाठी हेच केलं होतं, स्वतः वाजवून रेकॉर्ड केलेले तुकडे व्हायनलवर छापून घेतले आणि मग त्याच रेकॉर्डवरून सॅम्पल केले. जुनेपणा पण मिळाला आणि वाजवलेलं पण स्वतःचंच.

कायद्याचं थोडं बोलावं लागेल कारण "अमुक सेकंदांपर्यंत चालतं" ही अफवा मरतच नाही. असा कुठलाही सरसकट आकडा नाही. रेकॉर्डमध्ये दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि एक त्या ध्वनिमुद्रणाचा, आणि रिलीज करायचं असेल तर दोन्हीकडून परवानगी लागते. अमेरिकेत २००५ च्या एका निकालात मुद्दा फक्त दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्याचा होता, तो पण पिच खाली करून लूप केलेला (म्हणजे आपण करतोय तेच!), तरी कोर्टाने लायसन्स घ्या नाहीतर सॅम्पल करू नका असं सांगितलं. २०१६ मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका कोर्टाने ०.२३ सेकंदांच्या तुकड्याबाबत उलटा निकाल दिला. युरोपच्या कोर्टाने २०१९ मध्ये असं धरलं की कानाला ओळखू येणार नाही इतका बदललेला तुकडा वेगळा, ओळखू येणारा वेगळा. थोडक्यात देशागणिक नियम वेगळे. शिकण्यासाठी घरी काहीही कापा, पण बाहेर टाकायचं असेल तर स्वतःचं रेकॉर्डिंग वापरा, नाहीतर सीसी-झिरो लायसन्सचे (मालकाने सगळे हक्क सोडलेले) आवाज घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये एनसी लिहिलं असेल तर व्यापारी वापर चालत नाही आणि एनडी असेल तर कापून बदललेलं बाहेर टाकता येत नाही, हे न वाचता लोक बिनधास्त वापरतात आणि मग ट्रॅक उतरवावा लागतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, पिच खाली ओढणं. टाइम-स्ट्रेचने (पिच तसाच ठेवून लांबवण्याने) पण सॅम्पल स्लो होतो पण त्यात पाणी घातल्यासारखा आवाज येतो, ठोक्यांच्या कडा विरघळतात. त्यापेक्षा टेप हळू फिरवल्यासारखं करा, स्पीड आणि पिच दोन्ही एकदम खाली. आवाज जड होतो, दाणेदार होतो, आणि त्या जडपणातच डाउनटेम्पोचा निम्मा मूड असतो. हिशेब असा: चार बीटचा एक बार २.४ सेकंदांचा असेल तर २४० भागिले २.४, म्हणजे १०० बीपीएम. तो ३ सेमिटोन (पियानोवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन) खाली ओढला की होतो ८४.०९. ग्रिड (सॉफ्टवेअरमधल्या बीटच्या रेषा) ८४ वर ठेवा, बारमागे तीनेक मिलीसेकंदांचा फरक राहतो, तो शेवटच्या फेडमध्ये (टोकाशी आवाज विरवतो त्यात) जिरून जातो. ए मायनरमधला सॅम्पल असेल तर तो आता एफ शार्प मायनरमध्ये आला, हे कुठेतरी लिहून ठेवा, बास लावताना लागणार आहे. मी हे न लिहिता एकदा दोन तास चुकीच्या स्केलमध्ये बास वाजवत बसलो होतो आणि दोष हेडफोनला देत होतो.

या आवाजाचं मूळ खरं तर मेमरीच्या टंचाईत आहे. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या मशीनमध्ये एकूण दहाएक सेकंदांचंच सॅम्पलिंग व्हायचं, १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झवर. म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या स्पीडवर वाजवून पटकन आत घ्यायचे आणि मशीनमध्ये परत खाली ओढायचे, साधारण पाच सेमिटोन. जागा वाचायची आणि बदल्यात मिळायची ती खरखर. ती आज हवी असेल तर बिटक्रशर (आवाजाचा दर्जा मुद्दाम उतरवणारा इफेक्ट) लावून १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झ ठेवा, वरचं सगळं कापलं जातं आणि सॅम्पल एकदम धुळकट होतो. व्हायनलची कडकड मात्र वेगळी फाइल म्हणून वर पसरवू नका, प्लीज. ती आता इतक्या ट्रॅकमध्ये ऐकलीय की कान त्याच क्षणी बंद होतात.

कापताना दोन गोष्टी. वेव्ह जिथे शून्याच्या रेषेला छेदते तिथेच कापा आणि दोन्ही टोकांना २ ते ५ मिलीसेकंदांचा फेड द्या, नाहीतर टक् असा आवाज येतो आणि ७१४ च्या मोकळ्या जागेत तो टक् म्हणजे ढोलच. दुसरं म्हणजे एकच लूप फिरवत बसू नका. बारचे आठ तुकडे करा, पॅडवर किंवा कीबोर्डवर टाका आणि क्रम बदलून हाताने वाजवा, तिसरा आधी, मग पहिला, मग सहावा दोनदा. सॅम्पलर मोनो मोडवर ठेवा म्हणजे नवीन तुकडा वाजला की जुना आपोआप गप्प होतो. तो अचानक गप्प होणं हाच खरा ठेका असतो, ड्रम येण्याच्या आधीच मान हलायला लागते. नसेल हलत तर ड्रम टाकूनही हलणार नाही, परत मागे जा.

ड्रम कमी ठेवा. किक (जड, खालचा ड्रम) पहिल्या बीटवर, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्यावर, आणि दुसरी किक तिसऱ्या बीटच्या जरा आधी किंवा नंतर, ऐन तिसऱ्यावर नको. ग्रिडवर सगळं चिकटवलं तर मशीन मोजणी करतंय असं वाटतं म्हणून स्विंग, म्हणजे मधले ठोके जरा उशिरा पाडणं. एमपीसीवर (पॅडवाल्या सॅम्पलिंग मशीनवर) स्विंग ५० ते ७५ टक्क्यांत मोजतात, ५० म्हणजे सरळ आणि ६६ म्हणजे ट्रिपलेट (तीन समान भागांची चाल). ८४ बीपीएमला ५६ टक्के ठेवलं की प्रत्येक दुसरा सोळावा ठोका साधारण २१ मिलीसेकंद उशिरा पडतो. इतकुसं वाटतं पण चालणं आणि रेंगाळणं यातला फरक तेवढाच आहे. स्नेअरला स्विंग न लावता अख्खा १०-१५ मिलीसेकंद मागे सरकवा, हाय-हॅटचे आवाज एकसारखे ठेवू नका, एखादा इतका हलका की आहे का नाही कळू नये.

बास एफ शार्पवर असेल तर खालचा सूर सुमारे ४६ हर्ट्झ आहे. फोनच्या स्पीकरवर तो ऐकूच येणार नाही, म्हणून थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) द्या, मग ९२, १३८ असे वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात आणि कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. सॅम्पलमधला बास इक्यूने (इक्वलायझरने) १२०-१५० हर्ट्झच्या खाली कापून टाका, दोन बास एकत्र आले की भांडतात. बासला किकचं साइडचेन लावा, किक पडली की बासचा आवाज आपोआप क्षणभर वाकेल, पण ते वाकणं ऐकू येईल इतकं नको. आणि बासची नोट लवकर सोडा! सगळ्यात सामान्य चूक हीच, नोट पुढच्या ठोक्यापर्यंत ताणून ठेवायची. मोकळी जागा होती ती गेली.

रिव्हर्बचंही तेच. शेपटी पुढच्या स्नेअरच्या आत विरली पाहिजे, स्नेअर दोन बीटनी येतो म्हणजे तुमच्याकडे १.४ सेकंदांच्या आसपास आहे. डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) टेम्पोला बांधायचा तर डॉटेड एट्थ (पाऊण बीट) म्हणजे ५३६ मिलीसेकंद. डिलेमधून परत येणारा आवाज फिल्टर करून मंद करा आणि तो सतत चालू न ठेवता चार बारांत एखाद्याच शब्दावर किंवा कॉर्डवर फेका.

मग येतो तो सापळा, ज्यात आपण सगळेच अडकलोय: आठ बारांचा लूप, २३ सेकंदांचा, आणि तो महिनाभर तसाच. माझ्या कॉम्प्युटरवर असे चाळीसेक प्रेतं पडलेत. यातून बाहेर यायची माझी पद्धत म्हणजे सगळे थर एकदम ८० बारांवर पसरवायचे (८४ ला ते ३ मिनिटं ४९ सेकंद होतात) आणि मग फक्त खोडायचं. सुरुवातीला सॅम्पल एकटा, ड्रम नवव्या बारला, बास सतराव्याला, मध्ये एका जागी किक पूर्ण गायब, एका जागी फक्त बास आणि हाय-हॅट. नवीन काही भरायची इच्छा झाली की आधी काहीतरी काढून बघा, बहुतेक वेळा भरायची गरज उरत नाही.

मिक्सचं थोडक्यात. मास्टरवर (सगळे आवाज एकत्र येतात त्या चॅनेलवर) ६ डीबी जागा सोडा, १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (डाव्या-उजव्या बाजूला एकसारखं), आणि लाउडनेसच्या मागे लागू नका, स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (लाउडनेस मोजायचं एकक) आणून ठेवतं, त्यामुळे दाबून मोठा केलेला ट्रॅक तिथे खालीच खेचला जातो आणि दाबल्यामुळे ठोक्यांच्या मधला श्वास गेला तो गेलाच. पीक उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका.

एक्सपोर्ट करून दुसऱ्या दिवशी अगदी कमी आवाजात, दुसऱ्या खोलीतून ऐका. लूपचा सांधा तिथूनही कळला तर परत फेडपाशी जा.