ओत रूतला निघण्याआधी: स्की क्रॅम्पॉन लावून बघा

ओत रूत म्हणजे आल्प्समधून शामोनी ते झरमॅट असा अनेक दिवसांचा स्की प्रवास. त्याच्या तयारीत स्की, काठ्या, हेल्मेट, गॉगल हे सांगत बसत नाही. स्की क्रॅम्पॉनपासून, म्हणजे गोठलेल्या चढावर पकड यावी म्हणून स्कीखाली लावायच्या धातूच्या दातांपासून, सुरुवात करतो. गेल्या वेळी एप्रिलमध्ये गाइडबरोबर शामोनी ते झरमॅट निघालो, तेव्हा ते माझ्या सॅकमध्ये होते, पण मित्राकडून आणलेले, 90 मिलिमीटर रुंदीचे. शामोनीत भाड्यानं घेतलेल्या स्की मधोमध 97 मिलिमीटर. दुकानात लावून बघितलं नाही. दीक्स हट या डोंगरातल्या मुक्कामाच्या जागेतून पहाटे निघालो, पीन्य द'आरोलाच्या वाटेवर सर्पंतीनच्या उतारावर ते काढले, आणि बसेचनात. आदल्या दुपारी वितळलेला बर्फ रात्रीत गोठून काचेसारखा झाला होता. अशा उतारावर आडवं जाताना स्कीची फक्त कड टेकते, स्किनच्या, म्हणजे चढताना स्कीखाली चिकटवायच्या केसाळ पट्टीच्या, केसांना धरायला काही मिळत नाही. दोनदा घसरलो. शेवटी गाइडनं मला आखूड दोरावर घेतलं, मी स्की पाठीला बांधल्या, बुटांचे क्रॅम्पॉन चढवले आणि तसा वर गेलो. तोवर बाकीचे पाच जण उघड्या उतारावर खोळंबले. ऊन चढत होतं. ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो आणि हिमस्खलनाचा धोका वाढतो. तो धोका मी त्या पाच जणांवर आणला, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हा दोन गोष्टी बघा. स्कीच्या मधल्या रुंदीपेक्षा क्रॅम्पॉन थोडा रुंद हवा, आणि तो तुमच्या बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवायच्या पकडीच्या) खाचेत बसायला हवा. सगळ्या कंपन्यांची खाच एकसारखी नसते. स्की भाड्याच्या असतील तर क्रॅम्पॉनही त्याच दुकानातून, त्याच वेळी घ्या. बूट बाइंडिंगमध्ये अडकवून चार पावलं टाकून बघा. दुकानदार ‘बसेल’ म्हणाला तरी बघा.

आता व्हिसा. शामोनी फ्रान्समध्ये, झरमॅट स्वित्झर्लंडमध्ये. दोन्हीकडे शेंगेन चालतो, पण अर्ज कुठे करायचा ते रात्री मोजून ठरवा. जिथे जास्त मुक्काम, त्या देशाकडे. हटमधल्या बहुतेक रात्री स्वित्झर्लंडमध्ये येतात, हे लक्षातच येत नाही. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो, पण नेहमीच्या प्रवास विम्यात ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या मार्गांबाहेरचं, स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. पॉलिसी उघडून ऑफ-पिस्ट, ग्लेशियर आणि हेलिकॉप्टरनं सुटका हे तिन्ही शोधा. एजंटच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

बूट शक्य असेल तर स्वतःचेच. नाहीतर शामोनीत दोन दिवस आधी पोहोचा आणि भाड्याचे बूट घालून एक पूर्ण दिवस चढा. टाचेला पहिल्या दिवशी फोड आला तर पुढचे पाच दिवस तो सोबत असतो. दमासाठी पाठीवर आठ किलो घेऊन आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड, आणि जमेल तेव्हा एका दिवसात दोनदा, कारण तिकडे दिवसाला हजार मीटरच्या आसपास चढ असतो. किक टर्न, म्हणजे तीव्र चढावर एकेक स्की उचलून दिशा बदलणं, मात्र सिंहगडावर शिकता येत नाही. त्यासाठी गुलमर्गला जा, आणि गोंडोलात बसून वर न जाता स्किन लावून चढा.

ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी): तिन्ही, प्रत्येकाकडे. ट्रान्सीव्हरमध्ये नवे अल्कलाइन सेल, रिचार्जेबल अजिबात नकोत. फोन त्याच्यापासून किमान 20 सेंटिमीटर लांब, शोधताना 50. गाइड आहे म्हणून सराव टाळू नका. गाइडच गाडला गेला तर त्याला तुम्हीच शोधायचं आहे. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच हातात असतात, आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही.

स्किन स्कीला बेतून कापलेल्या हव्यात, दोन्ही बाजूंच्या धातूच्या कडा उघड्या राहतील अशा. उतरताना त्या जॅकेटच्या आत ठेवा, थंडीत गोंद धरत नाही. आणि स्किन कितीही चांगल्या असल्या तरी गोठलेल्या उतारावर त्या क्रॅम्पॉनची जागा घेत नाहीत. मी मात्र घेतील असंच धरून चाललो होतो.

हार्नेस, बुटांचे क्रॅम्पॉन, आइस ॲक्स गाइडच्या यादीत असतातच. सॅक 35 लिटरची पुरते. हटसाठी पातळ स्लीपिंग लायनर, कानात घालायचे बोळे, रोख स्विस फ्रँक. पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागतं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. लसणाची चटणी छोट्या डबीत. सनस्क्रीन, कॅटेगरी 4 चा चष्मा.

जास्तीचं सामान शामोनीतच ठेवा. परत येताना झरमॅट, फिस्प, मार्तिन्यी, शामोनी अशी रेल्वे आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी, सॅक बांधण्याआधी, क्रॅम्पॉन बाइंडिंगमध्ये. दोन्ही पायांचे.