डायलिसिसवर असताना अँटिऑक्सिडंट घेताय? या चुका टाळा

मूत्रपिंडे निकामी झाली की शरीरावरील ऑक्सिडीकरणाचा ताण (अतिक्रियाशील ऑक्सिजन-रेणूंमुळे पेशींना होणारी इजा) वाढतो, हे खरेच आहे. टाकाऊ द्रव्ये रक्तात साचून राहतात, डायलिसिस यंत्रातील कृत्रिम पडद्याशी संपर्क आला की पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि डायलिसिसच्या त्याच साधारण चार तासांत पाण्यात विरघळणारे सी जीवनसत्त्वही रक्तातून धुऊन निघते. हे कळल्यावर घरची मंडळी अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे हा ताण कमी करणाऱ्या सी जीवनसत्त्वासारख्या द्रव्यांच्या, मागे लागतात आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

सर्वांत घातक चूक सी जीवनसत्त्वाच्या मात्रेची. चघळायच्या नारंगी गोळीत ते साधारण ५०० मिलिग्रॅम असते, पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत १००० मिलिग्रॅम. डायलिसिसच्या रुग्णाला मात्र सहसा दिवसाला ६० ते १०० मिलिग्रॅम पुरते. जास्तीच्या सी जीवनसत्त्वाचे शरीरात ऑक्झलेट (खड्यांच्या रूपात साचू शकणारे टाकाऊ द्रव्य) बनते. निरोगी मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकते, पण येथे ती वाटच बंद असल्याने ते हाडांत, सांध्यांत, रक्तवाहिन्यांत, अगदी हृदयातही जमू शकते. शिवाय मोठ्या मात्रेमुळे काही ग्लुकोमीटर रक्तातील साखर खोटीच वाढलेली दाखवतात आणि त्या आकड्यावर विसंबून मधुमेही रुग्णाने इन्सुलिन वाढवले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. ठरवून दिलेली गोळी डायलिसिसच्या आधी घेणे हीदेखील चूकच, कारण ती यंत्रातून वाहून जाते. ती डायलिसिस संपल्यावर घ्यावी.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. संत्र्याचा रस आणि नारळपाणी यांतील पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकते. कमरख (स्टार फ्रूट) तर डायलिसिसच्या रुग्णाने चाखूही नये, कारण त्यातील विषारी द्रव्य शरीरातच राहून न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येतात. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलमधूनही ऑक्झलेट जाऊ शकते (आमटीतल्या चिमूटभर हळदीविषयी हे म्हणणे नाही).

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ‘लोहामुळे ऑक्सिडीकरण वाढते’ असे वाचून रक्तक्षयासाठी दिले जाणारे लोहाचे इंजेक्शन परस्पर नाकारणे. मोकळे लोह हा ताण वाढवते, हे मान्य. परंतु तांबड्या पेशींमध्येच शरीराचा मोठा अँटिऑक्सिडंट साठा असल्याने रक्तक्षय तसाच राहू देणे अधिक महागात पडते. म्हणून फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या शरीरातील लोहाची स्थिती दाखवणाऱ्या चाचण्यांचे ताजे अहवाल समोर ठेवून, ताप किंवा कॅथेटरजवळ (डायलिसिससाठी बसवलेल्या नळीजवळ) पू अशी जंतुसंसर्गाची खूण असल्यास तेही सांगून, मात्रेचा निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञांवर सोडावा.